आई-बाबांना घेऊन केदारनाथ: पाच दिवसांच्या रजेत का नको आणि कसं जावं

डोंबिवलीच्या एका ताईंनी विचारलं आहे: बाबा ६७ वर्षांचे, रक्तदाबाची गोळी चालू. आई ६२ वर्षांची, गुडघे दुखतात. स्वतः नोकरी करतात, रजा पाच दिवसांची. मे महिन्यात विमानाने देहरादून, दुसऱ्या दिवशी गाडीने फाटा या गावी, तिसऱ्या दिवशी सकाळी हेलिकॉप्टरने केदारनाथ, रात्री तिथेच मुक्काम, मग परत. ‘हेलिकॉप्टरने गेलो तर चालायचा प्रश्नच नाही, म्हणजे त्रासही होणार नाही ना?’

ताई, त्रास होण्याची शक्यता उलट वाढते. मी वीसेक वर्षं मुंबई-ठाण्याची माणसं हिमालयात नेतोय आणि केदारनाथला सगळ्यात जास्त आजारी पडलेली जी पाहिली, ती थकलेली नव्हती, घाईने वर पोचलेली होती. म्हणून तुमच्या आराखड्यातली मला खटकलेली गोष्ट हेलिकॉप्टर नाही. तिसऱ्या दिवशी वर पोचून त्याच रात्री तिथे झोपायचं, हे खटकतंय.

आधी उंचीचं गणित बघा, कारण आपल्याकडे राहून ते कळत नाही. आपल्या राज्यातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. तिथे धाप लागते ती चढणीमुळे, हवा विरळ असते म्हणून नाही. केदारनाथच्या चढाईची सुरुवात जिथून होते ते गौरीकुंड साधारण १,९८० मीटरवर आहे, म्हणजे पायथाच कळसूबाईच्या माथ्यापेक्षा उंच. मंदिर ३,५८३ मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश उरतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही तेवढाच. उंचीचा आजार साधारण २,५०० मीटरच्या वर सुरू होतो. त्यामुळे सह्याद्रीत कितीही गड केलेले असोत, त्याने पाय तयार होतात, फुप्फुसं आणि रक्त नाही. त्यांना वेळच द्यावा लागतो, दुसरी युक्ती नाही.

हा आजार लगेच दिसत नाही. वर उतरल्यावर पहिले काही तास माणूस छान असतो, फोटो काढतो, चहा पितो. डोकं दुखायला लागतं ते सहा ते बारा तासांनी, म्हणजे नेमकं रात्री, थंडीत, जेव्हा खाली न्यायला काहीच हाताशी नसतं. म्हणून हेलिकॉप्टरने जाऊन दोन-तीन तासांत दर्शन घेऊन त्याच दिवशी खाली येणं हे, वर जाऊन मुक्काम करण्यापेक्षा कमी धोक्याचं. पण डोंगरात ढग तिकीट बघून येत नाहीत. सकाळचं उड्डाण झालं, दुपारी धुकं बसलं, परतीची फेरी रद्द झाली, की मुक्काम न ठरवताही मुक्काम होतो. तेव्हा अंगावर स्वेटर नसलेली, गोळ्या खाली हॉटेलात ठेवून आलेली माणसं मी पाहिली आहेत. हेलिकॉप्टरने गेलात तरी दोन दिवसांची औषधं आणि सगळे गरम कपडे सोबत हवेतच.

हेलिकॉप्टरबद्दल आणखी दोन गोष्टी. तिकीट आयआरसीटीसीच्या हेलियात्रा संकेतस्थळावरूनच काढा. हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या संकेतस्थळांवर पैसे गेलेली मंडळी दर हंगामात भेटतात. दुसरी गोष्ट, या दरीत अपघात झाले आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये गरुडचट्टीजवळ आणि जून २०२५ मध्ये गौरीकुंडाजवळ, दोन्ही वेळा सात-सात माणसं गेली. घाबरवायचं म्हणून सांगत नाही. हवामान खराब म्हणून फेरी रद्द झाली तर खिडकीवरच्या माणसाशी कोणी भांडू नये, एवढ्यासाठी सांगतोय. ती रद्द झालेली फेरी आपल्या भल्याची असते.

आता मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं ते सांगतो. रजा पाचच दिवस असेल, तर केदारनाथचा हट्ट या वर्षी सोडून तुंगनाथला गेलो असतो. दहा दिवस मिळत असतील तर दोन्ही, पण आधी तुंगनाथ, मग केदारनाथ.

हा क्रम बहुतेक टूरवाले उलटा ठेवतात आणि माझं त्यांच्याशी इथेच पटत नाही. तुंगनाथ पंचकेदारांतलं, म्हणजे शिवाच्या पाच केदार मंदिरांतलं तिसरं, ३,६८० मीटरवर, म्हणजे केदारनाथपेक्षाही उंच. पण चोपत्यापर्यंत गाडी जाते, तिथून वाट साडेतीन किलोमीटरची, फरसबंद. सकाळी चढायचं, दर्शन घ्यायचं, तासभर बसायचं आणि दुपारी खाली उतरायचं. उंच चढा, खाली झोपा, हे उंचीवरच्या चालीचं जुनं सूत्र तिथे आपोआप पाळलं जातं. शरीराला विरळ हवेची ओळख होते आणि रात्र मात्र जाड हवेत जाते. शिवाय ही तुमची परीक्षाही असते. चोपत्याहून वर निघाल्यावर बाबांचं डोकं दुखतंय का, आईंचा गुडघा उतारावर काय म्हणतोय, हे कळतं ते गाडी दीड तासाच्या अंतरावर उभी असताना. केदारनाथच्या वाटेवर हेच कळतं तेव्हा मागे बारा किलोमीटर पडलेले असतात. तुंगनाथच्या वरची चंद्रशिला जवळपास ४,००० मीटर आहे. तुम्हाला एकटीला पहाटे जावंसं वाटेल, जा. आई-बाबांना मंदिराशी उन्हात बसू द्या.

दहा दिवस असे लावा. पहिला दिवस मुंबई ते देहरादून विमानाने आणि मुक्काम ऋषिकेशला. रेल्वे आवडत असेल तर लोकमान्य टिळक टर्मिनस किंवा वांद्रे टर्मिनसहून हरिद्वारची गाडी घ्या, दिवस मात्र वाढेल. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून देवप्रयाग, गढवालचं श्रीनगर, रुद्रप्रयाग, कुंड करत उखीमठ. आठ-नऊ तास लागतात, वळणांवर आईंना मळमळ होत असेल तर गोळी आधी द्या, नाहीतर पुढे उंचीची मळमळ कोणती आणि गाडीची कोणती हे कळत नाही. उखीमठ १,३११ मीटरवर आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या ओंकारेश्वर मंदिरात दर्शन घेऊन सावकाश चोपता, तिथे मुक्काम. थंडी असते, पण २,७०० मीटरच्या आसपासची ही एक रात्र पुढे फार उपयोगी पडते. चौथ्या दिवशी तुंगनाथ करून पुन्हा उखीमठला. पाचवा दिवस मोकळा ठेवून दुपारी गुप्तकाशी किंवा सीतापूरला सरका. सहाव्या दिवशी सोनप्रयाग, गौरीकुंड आणि चढाई.

उखीमठचा उल्लेख मुद्दाम केला. हिवाळ्यात केदारनाथाची पूजा तिथेच होते आणि कपाट, म्हणजे मंदिराची दारं, कधी उघडणार ते महाशिवरात्रीला तिथेच जाहीर करतात. वसंतात देवाची डोली उखीमठहून निघते तीसुद्धा एका दमात वर जात नाही. गुप्तकाशीला मुक्काम, पुढे फाट्याच्या बाजूला मुक्काम, मग गौरीकुंडाला, आणि चौथ्या दिवशी केदारपुरीत. अनवाणी चालणारे पहाडी लोक, ज्यांचा जन्म तिथला, ते देवाला घेऊन चार दिवसांत जातात. आपण अरबी समुद्राच्या काठावरून निघतो आणि तिसऱ्या दिवशी गाभाऱ्यात पोचायचं म्हणतो. बाबा दिवस वाढवायला तयार नसतील तर त्यांना हे सांगा. माझ्या अनुभवात वडीलधारी माणसं वैद्यकीय कारणाला जेवढी मानत नाहीत तेवढी याला मानतात.

चढाईच्या दिवसाबद्दल. खाजगी गाडी सोनप्रयागलाच थांबते, तिथून गौरीकुंडाचे पाच किलोमीटर स्थानिक जीपने. जीपची रांग मोठी असते म्हणून पहाटे चारला उठायची तयारी ठेवा, दुपारनंतर वर सोडणं थांबवतात. नोंदणी सक्तीची आहे, उत्तराखंड सरकारच्या संकेतस्थळावर होते आणि फुकट आहे. त्यासाठी पैसे मागणाऱ्या कुणालाही देऊ नका. वाट आता सोळा ते अठरा किलोमीटर धरून चाला. २०१३ च्या आधी ती चौदा होती. त्या वर्षी १६ आणि १७ जूनला चोराबारी ताल फुटला, रामबाडा हे विसाव्याचं गाव पूर्ण वाहून गेलं, आणि नंतर रामबाड्यापासूनची नवी वाट मंदाकिनीच्या दुसऱ्या काठाने काढली. मी त्याआधी रामबाड्यात चहा प्यायलो आहे, जेवलो आहे. आता पुलावरून जाताना ते कुठे होतं हे बोट दाखवून सांगता येत नाही. माझ्या गटातल्या प्रत्येकाला मी त्या पुलाशी दोन मिनिटं थांबवतो.

जंगलचट्टी, भीमबली, मग रामबाड्याचा पूल, आणि खरी चढण त्यानंतर, लिंचोलीपर्यंत. सगळे इथेच दमतात, कारण भीमबलीपर्यंतची वाट सोपी वाटल्याने पाय पळवलेले असतात. आई-बाबांसह तुम्ही लिंचोलीला थांबा. तिथे तंबू आणि साधे निवारे मिळतात. सातव्या दिवशी उरलेले चार-पाच किलोमीटर आरामात, दुपारपर्यंत मंदिर. मग संध्याकाळचं शृंगार दर्शन आणि आरती मिळते, आणि पहाटेचं दर्शनही. सकाळच्या वेळी, गर्दी बरी असेल तर, शिळेला तूप लावता येतं. तिथलं लिंग नेहमीच्या आकाराचं नाही, त्रिकोणी नैसर्गिक शिळा आहे. पांडवांपासून लपलेल्या शिवाने बैलाचं रूप घेतलं आणि त्याचं वशिंड इथे राहिलं, बाहू तुंगनाथला प्रकटले, अशी कथा. तुंगनाथ आधी पाहून आलेल्या माणसाला ती कथा जास्त कळते. मंदिराच्या मागे भीमशिला बघा. पुरात वाहून आलेला तो प्रचंड दगड बरोबर मंदिरामागे अडला आणि पाण्याचा लोंढा दोन्ही बाजूंनी फुटून गेला. आठव्या दिवशी उतरून गुप्तकाशी, नवव्या दिवशी ऋषिकेश, दहाव्या दिवशी घर.

आईंच्या गुडघ्यांसाठी चढताना घोडा चालेल. उतरताना घोडा नको. उतारावर घोड्याच्या प्रत्येक पायरीला बसणाऱ्याचे गुडघे आणि कंबर आपटते, पडण्याचा धोकाही तेव्हाच जास्त. उतरायला डंडी करा, म्हणजे चार माणसं वाहतात ती पालखी. महाग आहे, पण तिथेच खर्च करा, हॉटेलात नको. कंडी, म्हणजे पाठीवरची टोपली, हलक्या माणसासाठी ठीक. सगळं अधिकृत खिडकीवर पावती घेऊन ठरवा. आणि एक कळकळीची विनंती: घोडा दमलेला दिसला, पाय लंगडत असला, तोंडाला फेस असला, तर तो घेऊ नका, दुसरा मागा. घोड्यावर बसणाऱ्याला थंडी चालणाऱ्यापेक्षा जास्त वाजते, तो हलत नसतो. आईंना सगळे थर बसायच्या आधी घाला.

बाबांच्या गोळ्यांबद्दल. निघण्याआधी महिनाभर तुमच्या डॉक्टरांकडे जा आणि त्यांना ‘केदारनाथला चाललोय’ एवढंच न सांगता ‘३,५८३ मीटरवर एक रात्र झोपणार आहोत’ असं सांगा. ईसीजी आणि त्यांना वाटेल ती तपासणी होऊ द्या. रक्तदाबाची गोळी तिथे एक दिवसही चुकवायची नाही. उंचीवर दाब वाढायचाच. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या आजारासाठीची गोळी, घ्यायची की नाही हे डॉक्टर ठरवतील. सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर ते आधीच सांगा. शेजाऱ्यांनी दिलेली गोळी वाटेत पहिल्यांदा खायची नाही.

ऑक्सिमीटर न्या, पण त्याचा आकडा बघून घाबरू नका. घरी ९७-९८ दाखवणारं यंत्र तिथे धडधाकट माणसालाही ८५ ते ९० च्या दरम्यान दाखवतं. आकड्यापेक्षा माणूस बघा. डोकेदुखी, अन्नावर वासना नसणं, मळमळ, झोप न लागणं, हे आजाराचं पहिलं पाऊल. तिथे वर जाणं थांबवायचं, विश्रांती, पाणी. बसल्या जागी धाप, सततचा खोकला, निळसर ओठ, किंवा बोलण्यात गोंधळ आणि झोकांड्या, हे दिसलं तर रात्र असो, पाऊस असो, माणसाला खाली न्यायचं आणि वाटेवरच्या वैद्यकीय चौकीत दाखवायचं. संशय असेल तर त्यांना एका रेषेत, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावत, दहा पावलं चालायला सांगा. तोल गेला तर वाट बघू नका. सोनप्रयागच्या दुकानात मिळणारे प्राणवायूचे छोटे डबे काही मिनिटांत संपतात. ते घेतल्याने बरं वाटतंय म्हणून वर जात राहणं ही फार वाईट चूक.

पाणी कमी पिऊ नका. स्वच्छतागृहाची अडचण म्हणून आपल्या आया-मावश्या दिवसभर घोटघोट पितात, आणि संध्याकाळी डोकं दुखतं ते निम्मं त्यानेच. आईंशी याबद्दल आधीच मोकळेपणाने बोला. वाटेवर सोयी आहेत, स्वच्छ असतीलच असं नाही, पण आहेत.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी इतकं लांबण लावलं. काही वर्षांपूर्वी माझ्या गटात ठाण्याचे एक काका होते, अठ्ठावन्न वर्षांचे, रोज सकाळी सात किलोमीटर चालणारे. सगळ्यांच्या पुढे. लिंचोलीला त्यांनी जेवण नाकारलं, म्हणाले, उपवास आहे. वर पोचल्यावर लवकर झोपले. मध्यरात्री त्यांच्या पत्नीने मला उठवलं, काका सारखे ओकत होते आणि उठून बसताना कलत होते. आम्ही चौघांनी आणि पाठीवर ओझं वाहणाऱ्या दोन पिठ्ठूंनी त्यांना अंधारातच खाली काढलं. भीमबलीला उजाडलं तेव्हा त्यांनी स्वतःहून चहा मागितला, आणि मग सांगितलं की डोकं भीमबलीपासूनच, म्हणजे जातानाच, दुखत होतं. ‘सांगितलं असतं तर तुम्ही थांबवलं असतं आणि दर्शन हुकलं असतं.’ चूक त्यांची नव्हती, माझी होती. उपवास कोणता, हे मी विचारलं नाही. ट्रेकला आलेला माणूस डोकं दुखलं की कुरकुर करतो. यात्रेला आलेला माणूस लपवतो, कारण त्याला वाटतं ही देवाने घेतलेली परीक्षा आहे. तुमचे बाबाही लपवतील, ताई. म्हणून निघण्याआधी घरातच, देवासमोर बसून हवं तर, तिघांनी ठरवा: ज्याला त्रास होईल तो लगेच सांगेल, आणि एक जण परत फिरला तर त्याच्यासोबत दुसरा फिरेल, त्याचा राग कुणी धरणार नाही. मी तेव्हापासून प्रत्येक गटाकडून हे तोंडाने वदवून घेतो आणि लिंचोलीला प्रत्येकाच्या ताटात काय उरलं ते स्वतः बघतो.

सोनप्रयाग ते केदारनाथ १२.९ किलोमीटरच्या रोपवेला केंद्राने मार्च २०२५ मध्ये मंजुरी दिली आहे, तो झाला की आठ-नऊ तासांचा प्रवास सुमारे ३६ मिनिटांचा होईल. आईंसारख्यांची पायपीट वाचेल याचा मला आनंद आहे. उंची मात्र तेवढीच राहील, तेव्हा वर सांगितलेलं सगळं रोपवेलाही लागू.

महिना कोणता? मे नको. शाळांच्या सुट्ट्या, सगळ्यात जास्त गर्दी, जीपच्या रांगा. जून मध्यानंतर पाऊस, दरडी. ३१ जुलै २०२४ च्या ढगफुटीत ही वाट जागोजागी तुटली होती आणि हजारो माणसं वर अडकली होती. तुमच्या घरात शाळेत जाणारं कुणी नाही, तर दसऱ्याच्या आसपास जा. आकाश धुतलेलं असतं, रांगा छोट्या असतात. रात्री पारा शून्याखाली जातो, पण ती कोरडी थंडी कपड्याने भागते. कपाट भाऊबीजेला बंद होतं, त्याच्या अगदी जवळ जाऊ नका.

म्हणजे तुमच्याकडे तयारीला वेळ आहे. रोज इमारतीचे जिने: आठवड्याला एक मजला वाढवत, बोलता येईल एवढ्याच दमाने. बोलता आलं नाही म्हणजे वेग जास्त. दोन महिन्यांनी विरारची जीवदानी, तेराशेच्या वर पायऱ्या, चढून आणि उतरूनही. बाबांना चालायची गोडी लागली की पाऊस ओसरू लागल्यावर, निघण्याआधी एकदा भीमाशंकर पायी करा. कर्जतला उतरून खांडसला जा आणि गणेश घाटाने चढा. शिडी घाट आई-बाबांसोबत अजिबात नको, तिथले कातळ निसरडे आहेत. गणेश घाट लांब पण सोपा, भरपूर सावली, नशिबात असेल तर शेकरू दिसतं, आणि वर ज्योतिर्लिंगच. त्या दिवशी बाबांनी आणि तुम्ही केदारनाथला नेणार तेच बूट, तीच सॅक, तीच काठी वापरा. पायाला फोड कुठे येतो ते कर्जतच्या डोंगरात कळलेलं बरं. सुती बनियन घाम धरून ठेवतं आणि थंडीत अंग गार करतं, म्हणून आतून सिंथेटिक, मग लोकर, मग वारा-पाऊस अडवणारं जाकीट. मुंबईच्या पावसातला प्लॅस्टिकचा रेनकोट वर टिकत नाही.

आईंच्या गुडघ्यांसाठी आत्ताच हाडांच्या डॉक्टरांना दाखवून मांडीच्या स्नायूंचे व्यायाम लिहून घ्या. चार महिने नियमाने केले तर तुंगनाथच्या उतारावर फरक पडलेला दिसेल. भीमाशंकर झालं की बाबांना दुसऱ्या दिवशी सकाळी कसं वाटलं, दम कुठे लागला, आईंना जीवदानीच्या कितव्या पायरीला थांबावं लागलं, हे मला कळवा. त्यावरून लिंचोलीला एक रात्र ठेवायची की दोन, हे आपण नक्की करू.